प्रेअरी डॉग : संगोपन आणि समीक्षा

आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, आणि उरलेल्या वेळात समीक्षेचीही समीक्षा होते. पण ‘अमुक प्राणी घरी कसा पाळावा’ या विषयावरच्या पुस्तकांकडे एकाही समीक्षकानं ढुंकून पाहिलेलं नाही. हा त्या पुस्तकांवर उघडउघड अन्याय आहे. वाङ्मयाला जे जे म्हणून लागतं ते सगळं त्यांत असतं. नायक असतो. संघर्ष असतो (बहुतेक वेळा सोफ्याशी). करुणरस असतो, बीभत्सरस तर ‘पिंजऱ्याची स्वच्छता’ या प्रकरणात ओसंडून वाहत असतो. आणि शेवटच्या प्रकरणात नायकाची प्रकृती बिघडते. यापेक्षा अधिक आपण कादंबरीकडून तरी काय मागतो?

या वाङ्मयाशी माझी गाठ पडली ती अमेरिकेत, टेक्ससमधल्या लबक गावी. जावई तिथल्या विद्यापीठात आहेत. आईवडिलांनी सहा महिने येऊन राहावं असा मुलीचा आग्रह, आणि आल्यावर सहा महिने करावं काय हा आमचा प्रश्न. लबक हे पोळपाटासारखं सपाट गाव आहे. फिरायला म्हणून पायी निघालं, तर गाडी थांबवून लोक विचारतात, ‘‘गाडी बंद पडली का?’’ अशा गावात वाचनाची गोडी लागायला वेळ लागत नाही. शेजारी एक निवृत्त शाळामास्तरीणबाई राहतात. त्यांच्याकडे एक प्रेअरी डॉग आहे, आणि तो कसा पाळावा यावरची तीन पुस्तकं आहेत. एक जाडसर, एक पातळ, आणि तिसरं म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेलं चार पानांचं पत्रक. मी तिन्ही दोन-दोनदा वाचली. लेखक तीन, पण आख्यान एकच. म्हणून पुढची समीक्षा तिघांनाही सारखीच लागू आहे.

प्रथम नायकाविषयी. नाव ‘डॉग’ असलं तरी याचा कुत्र्याशी काडीचा संबंध नाही. हा खारीच्या भाऊबंदांपैकी. जमिनीत बिळं करून राहणारा, किलोभर वजनाचा, मातकट रंगाचा, गोल पोटाचा प्राणी. मागच्या पायांवर उभा राहून पुढचे हात पोटावर ठेवतो, तेव्हा लग्नात पहिल्या पंगतीला जेवून उठलेल्या व्याह्यासारखा दिसतो. शत्रू दिसला की भुंकल्यासारखं ओरडतो, म्हणून जुन्या फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याला ‘छोटा कुत्रा’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. याच्या पाच जाती आहेत. घरात पाळतात तो बहुधा काळ्या शेपटीचा. व्यक्तिचित्रणाच्या बाबतीत तिन्ही पुस्तकं उत्तम आहेत, हे समीक्षकानं मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे.

पहिलं प्रकरण ‘निवड’. डोळे तेजस्वी असावेत, नाक कोरडं असावं, पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असावं म्हणजे लवकर लळा लागतो. वाचताना सारखं वाटत राहतं, की अरे, हे पिल्लू आलं कुठून? मुलगी बघायला गेल्यावर तिचं नाक-डोळे सांगायचे आणि गाव, घराणं, आईबाप याबद्दल मिठाची गुळणी धरायची, त्यातला प्रकार. आपल्याकडे एके काळी ‘अनुभवाचा प्रामाणिकपणा’ नावाचा एक शब्दप्रयोग समीक्षेत फार चालायचा. तो इथं वापरायला हरकत नाही. या वाङ्मयात अनुभवाचा प्रामाणिकपणा पहिल्याच पानावर कमी पडतो.

कारण खरी हकीकत अशी. प्रेअरी डॉगची मादी वर्षातून एकच दिवस, आणि त्यातलेही काही तासच, नराला अनुकूल असते. एवढा अचूक मुहूर्त पिंजऱ्यात सहसा साधत नाही. त्यामुळे बाजारात येणारी बहुतेक पिल्लं रानातून धरून आणलेली असतात. धरायच्या दोन पद्धती. एक, बिळात साबणाचं पाणी सोडायचं आणि पिल्लू गुदमरून वर आलं की उचलायचं. दुसरी अधिक शास्त्रीय. ट्रकवर बसवलेल्या भल्याथोरल्या व्हॅक्युम पंपाचा पाइप बिळात घालायचा आणि आतलं बिऱ्हाड आवाजासकट ओढून घ्यायचं. आपण पडद्यामागची धूळ काढतो तसं. एवढं झाल्यावर मग ‘डोळे तेजस्वी असावेत’ ही अपेक्षा! बिळातून पाइपमध्ये आणि पाइपमधून ट्रकमध्ये गेलेल्या माणसाचे डोळे काय असतील ते असतील, पण तेजस्वी नक्की नसतील.

या बाबतीत आद्यग्रंथकार जास्त प्रामाणिक होते. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या तुकडीला हा प्राणी ७ सप्टेंबर १८०४ रोजी, आजच्या नेब्रास्का राज्यात भेटला. सगळी तुकडी बिळात पाणी ओतत बसली, तेव्हा कुठं एक हाती लागला. हे सगळं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, लपवलेलं नाही. पुढं एप्रिल १८०५ मध्ये त्यांनी एक जिवंत प्रेअरी डॉग राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांना भेट म्हणून पाठवला. सोबत चार मॅगपाय पक्षी आणि एक रानकोंबडीसारखा पक्षी. नदी, समुद्र, रस्ता असा चार महिन्यांचा प्रवास करून हा लवाजमा ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला पोचला, तेव्हा प्रेअरी डॉग आणि एक मॅगपाय एवढेच शिल्लक होते. जेफर्सननी ते फिलाडेल्फियाला चार्ल्स पील यांच्या संग्रहालयात धाडले. म्हणजे राष्ट्राध्यक्षांनाही हा प्राणी घरी ठेवावासा वाटला नाही. तिन्ही पुस्तकांत या पूर्वसूरींचा उल्लेख नाही. संशोधनाची बाजू लंगडी.

दुसरं प्रकरण ‘आहार’. हे मात्र या वाङ्मयातलं सर्वांत सकस प्रकरण. गवत द्या, वाळलेलं टिमथी गवत द्या, आणि मग आणखी गवत द्या. शेंगदाणे, बेदाणे, बिस्किटं देऊ नका, कारण तो लठ्ठ होतो आणि हृदयाला ताण पडतो. त्याचे दात जन्मभर वाढत असतात, ते गवत चावण्यानंच झिजतात. शैली कशी आटोपशीर आहे पाहा! मला मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या कागदावरही हाच मजकूर होता, फक्त ‘गवत’ या शब्दाऐवजी ‘पालेभाज्या’ होता. आमच्या हिनं हे प्रकरण वाचून ‘‘बघा, शेवटी सगळ्यांचं सारखंच’’ एवढाच अभिप्राय दिला.

तिसरं प्रकरण ‘निवासव्यवस्था’. इथपासून रचना ढासळू लागते. पिंजरा मोठा असावा, तळाशी गवताचा जाड थर असावा, लपायला खोकं असावं. नायक गज चावतो, ते चावू देऊ नये. ही सूचना लेखक जाता जाता करतो, पण मर्म तिच्यातच आहे. गज चावून चावून पुढच्या दातांच्या मुळांना इजा होते, आणि त्यातूनच मुळाशी गाठी धरत असाव्यात असा जनावरांच्या डॉक्टरांचा संशय आहे. या प्राण्याला तोंडानं श्वास घेता येत नाही. गाठीनं नाकाची वाट अडली, की संपलं. तो गज का चावतो, हा प्रश्न मात्र लेखकाला पडत नाही. त्याला त्या गजांच्या पलीकडे काय हवं असतं?

हे कळायला पुस्तक बंद करून लबकच्या मॅकेंझी पार्कमध्ये जावं लागतं. तिथं १९३५ सालापासून प्रेअरी डॉगांचं एक गाव राखून ठेवलेलं आहे. ठेंगण्या भिंतीबाहेर उभं राहून कोणीही पाहावं. मी ‘गाव’ म्हणतो ते अलंकारिक नव्हे. शास्त्रज्ञही गावच म्हणतात. गावात पेठा असतात, पेठेत बिऱ्हाडं असतात. एका बिऱ्हाडात एक कर्ता पुरुष, तीन-चार बायका आणि पोरंबाळं. बिळाला एकाहून अधिक दारं. एका दाराचा उंचवटा उंच, दुसऱ्याचा बुटका, त्यामुळे आत आपोआप वारा खेळतो. दाराशीच एक कानोसा घेण्याची खोली, म्हणजे आपली ओसरीच. आत निजायची खोली वेगळी, शौचाची वेगळी. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतसुद्धा ही शेवटची सोय सगळ्यांनाच होती असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्ससमध्ये असं एक सलग गाव होतं की त्याचा विस्तार पंचवीस हजार चौरस मैल आणि लोकवस्ती चाळीस कोटी असावी असा अंदाज तेव्हा केला गेला होता. पुढं गुरांचं गवत खातात म्हणून शेतकऱ्यांनी आणि सरकारनं विष घातलं, जमीन नांगराखाली गेली, बाहेरून आलेल्या प्लेगनं वस्त्याच्या वस्त्या पुसल्या. चाळीस कोटींच्या गावातला गावकरी आता पिंजऱ्यात, आणि पुस्तकात ‘लपायला खोकं असावं’!

चौथं प्रकरण ‘स्वभाव’. नायक प्रेमळ आहे, दिवसा जागा असतो, रात्री झोपतो (पाहुण्यांविषयी आम्हीही हेच आधी सांगतो), आणि मालकाचे मुके घेतो. मुके घेतो हे खरं. गावात भेटताना ते एकमेकांच्या दातांना दात लावून ओळख पटवतात. आपला माणूस निघाला तर अंग चाटणं, शेजारी बसणं. परका निघाला तर मारामारी. म्हणजे मुका हा प्रेमाचा कमी आणि ओळखपत्र तपासण्याचाच प्रकार जास्त. मग हिवाळा येतो. वीण भरायचे दिवस. वर्षभर मांडीवर बसणारा नायक एकाएकी मालकाचा अंगठा फोडतो. लेखक यावर शस्त्रक्रिया सुचवतो आणि ‘काही काळ स्वभाव बिघडतो’ असं लिहितो. स्वभाव बिघडत नाही हो. तो एवढे दिवस तुम्हाला घरचं माणूस समजत होता. आता या दिवसांत तुम्ही त्याला दुसऱ्या बिऱ्हाडातला नर वाटू लागलात. तुमच्या हुद्द्यात बदल झाला, एवढंच.

आता पाचवं प्रकरण, ‘सहवास’. या वाङ्मयाचा उत्कर्षबिंदू हाच, आणि अपयशही इथंच. पुस्तकं एकमुखानं सांगतात : प्रेअरी डॉगला एकटं ठेवू नका. एकटा ठेवलात तर रोज कित्येक तास त्याच्याबरोबर घालवा. नाही तर तो झुरतो. ही वाक्यं साधी दिसतात, पण त्यांचा अर्थ असा, की हा प्राणी पाळायचा असेल तर तुम्ही मालक होऊन भागत नाही, तुम्हाला अख्खं गाव व्हावं लागतं. शेजारी तुम्ही, सासू तुम्ही, गस्तवाला तुम्ही, आणि हिवाळ्यात वैरीही तुम्हीच. हे काम एका माणसाला, तेही नोकरी सांभाळून, झेपेल का, याची चर्चा कुठंच नाही.

या प्रकरणात एक परिच्छेद आहे : ‘‘तुम्ही घरी आलात की तो मागच्या पायांवर उडी घेऊन, मान मागे टाकून ‘यिप’ असं ओरडेल. हा त्याचा आनंद.’’ मी ते बाईंच्या घरी पाहिलं. संध्याकाळी बाई बाजार करून आल्या. पिंजऱ्यातला नायक ताठ झाला, दोन्ही हात आभाळाकडे, मान मागे, आणि ‘यिप!’ तोल जाऊन जवळजवळ मागे पडलाच. बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या, वयाच्या बहात्तराव्या वर्षी दोन्ही हात वर करून मान मागे टाकली, आणि आमच्यादेखत खणखणीत आवाजात ‘यिप!’ केलं. नायकानं ऐकलं, खाली बसला, आणि शांतपणे गवत खाऊ लागला. आमची ही मला हळूच म्हणाली, ‘‘बाई एकट्याच राहतात, नाही?’’

माळावर हीच उडी एकानं घेतली की शेजारी घेतो, मग त्याचा शेजारी, आणि क्रिकेटच्या मैदानात प्रेक्षकांची लाट फिरावी तशी ती गावभर फिरते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ साली या उडीचा अर्थ लावला. त्यांच्या मते हा केवळ आनंद नव्हे, चौकशी आहे. शेजारपाजारचे किती जण जागे आहेत, हे तो अजमावत असतो. झटझट उत्तरं आली, की पहारा करायला इतर आहेत हे त्याला कळतं, आणि तो टेहळणी कमी करून चरू लागतो. आपल्याकडे वीज गेली की आपण आधी मेणबत्ती शोधत नाही. खिडकीतून डोकावतो आणि ओरडतो, ‘‘काय हो, तुमचीही गेली का?’’ ‘‘गेली, गेली!’’ असं चार खिडक्यांतून आलं की जिवाला बरं वाटतं. वीज काही येत नाही, पण आपण निवांत बसतो. तशातलंच हे.

हे समजल्यावर तो परिच्छेद पुन्हा वाचवत नाही. मध्यंतरी बाई मुलाकडे चार दिवस गेल्या आणि पिंजरा आमच्या दिवाणखान्यात आला. गवत, पाणी, स्वच्छता, सगळं पुस्तकाबरहुकूम. संध्याकाळी नायक उठला आणि यिप केलं. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, उत्तर द्या.’’ मी बत्तीस वर्षं सरकारी लेखा खात्यात काढलेला माणूस. पण प्रश्न विचारला गेला आहे आणि उत्तर देणं माझ्याकडे आहे, हे एकदा कळल्यावर मी कधी मागे राहिलो नाही. हात वर करून केलं यिप. त्यानं माझ्याकडे पाहिलं. थोडा थांबला. पुन्हा यिप केलं. मी पुन्हा. मग जावयांनी केलं, नातवानं तर सहा-सात वेळा केलं. तो प्रत्येक वेळी कान देऊन ऐके, आणि पुन्हा विचारी. गवताकडे काही तो वळला नाही. आमच्या यिपमध्ये व्याकरणाची काय चूक होत होती, याची चर्चा जेवणाच्या टेबलावर बराच वेळ चालली. जेवण मात्र नेहमीसारखं झालं नाही.

इथं एक आक्षेप येईल, आणि तो टाळणं बरं नाही. माळावरचं गाव म्हणजे रामराज्य आहे का? नाही. वर ससाणा असतो, खाली कॉयोटी असतो, बिळात शिरणारं काळ्या पायांचं फेरेट असतं, ज्याचं पोट जवळजवळ सगळं प्रेअरी डॉगांवरच चालतं. आणि घरातली गोष्ट त्याहून भयंकर. जॉन हूगलँड या शास्त्रज्ञांनी साउथ डाकोटातल्या विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानात वर्षानुवर्षं बसून निरीक्षणं केली आणि १९८५ साली जाहीर केलं, की अंगावर पाजणाऱ्या माद्या आपल्याच बहिणीची किंवा मुलीची पिल्लं मारतात. भाऊबंदकी आपण शोधून काढली असा आपला समज होता, तोही गेला. मग पिंजरा काय वाईट? तिथं तो आठ-दहा वर्षं जगतो, ससाणा नाही, बहीण नाही, वेळेवर गवत. हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण असंच सुरक्षित, वेळेवर जेवण आणि भाऊबंद नसलेलं आयुष्य लबकमध्ये सहा महिने मी जगून पाहिलं आहे. भाऊबंदकी करायलासुद्धा भाऊबंद लागतात.

सहावं प्रकरण ‘आजार’. हे काही पुस्तकांत फारच त्रोटक असतं. २००३ साली घानाहून टेक्ससला आलेल्या सुमारे आठशे छोट्या प्राण्यांत काही मोठे आफ्रिकन उंदीर होते. इलिनॉयमधल्या एका व्यापाऱ्याकडे ते प्रेअरी डॉगांशेजारी ठेवले गेले, आणि त्यातून मंकीपॉक्स हा रोग सहा राज्यांतल्या सत्तेचाळीस माणसांना झाला किंवा झाला असावा असं धरलं गेलं. सुदैवानं कोणी दगावलं नाही. अमेरिकन सरकारनं त्याच वर्षी विक्रीवर बंदी घातली, ती २००८ साली उठवली. जपाननं प्लेगसारख्या रोगांच्या धास्तीनं आयात २००३ च्या मार्चमध्येच थांबवली होती. यातून तात्पर्य काढताना लोक ‘प्रेअरी डॉगमुळे रोग झाला’ म्हणतात. पण आफ्रिकेतल्या उंदराशेजारी बिऱ्हाड करायला तो आपण होऊन गेला नव्हता. त्याला शेजार निवडण्याची संधी आयुष्यात कोणी दिली असेल तर ती फक्त माळानं.

एकंदरीत मत असं. आहाराचं प्रकरण वाचनीय, निवासाचं तोकडं, सहवासाचं मुळातून पुन्हा लिहिण्याजोगं. ज्यांच्याकडे हा प्राणी आधीच आहे त्यांनी ही पुस्तकं जरूर वाचावीत, कारण एकदा घरात आलेल्याला परत व्हॅक्युममध्ये घालून गावी पाठवता येत नाही. बाईंसारखं रोज संध्याकाळी हात वर करावेत, लाजू नये. जे आणावा की नाही या विचारात आहेत, त्यांनी आधी मॅकेंझी पार्कच्या भिंतीशी एक संध्याकाळ काढावी. तिथं पुस्तक मिळत नाही, प्रवेशालाही पैसे पडत नाहीत.

राहता राहिलं बाह्यांग. छपाई सुबक, मुद्रणदोष नाहीत, कागद चांगला. जाडसर पुस्तकाचं मुखपृष्ठ विशेष आकर्षक आहे. त्यावर एक प्रेअरी डॉग मागच्या पायांवर ताठ उभा राहून लांब कुठंतरी पाहतो आहे. मागची पार्श्वभूमी चित्रकारानं कोरी ठेवली आहे. पुढच्या आवृत्तीत तिथं आणखी दोन-चार जण काढता आले तर पाहावं.